आठ म्हटलं की उठायचं

वस्तादांचा नियम साधा होता. ठोसा लागून खाली गेलास तर लगेच उठायचं नाही. एक गुडघा टेकून बसायचं, श्वास जागेवर आणायचा आणि रेफरीची मोजणी आठवर आली की उठायचं; दहा झाले तर लढत गेली. सातला उठणारा उतावळा, नऊला उठणारा जुगारी, असं ते म्हणत. "नियमाने मिळालेला आराम आहे. तो घ्यायला लाज कसली?" व्यायामशाळेत रोज सराव संपला की ते सगळ्यांना गुडघ्यावर बसवत, स्वतः कोपऱ्यात उभे राहून एकेक आकडा तोंड भरून म्हणत. जो आठला उठणार नाही, त्याला आणखी दोनशे दोरीउड्या.

या नियमात सगळ्यांत पक्का निघाला, त्याचं नाव आठ्या पडलं. खऱ्या नावाने त्याला बॉक्सिंगच्या परवान्यावरच कोणी ओळखत असेल. पुढे वस्तादांच्या मुलीशी त्याचं लग्न झालं, तेव्हा तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, "कपाळावर एक आठी नाही, आणि म्हणे आठ्या!" ते खरंच होतं. चेहरा शांत. मार खातानाही शांत आणि मारतानाही शांत. तोच चेहरा पुढे त्याच्या मुळावर आला.

तो वेल्टरवेट गटात लढत असे. एकशे सत्तेचाळीस पौंड, म्हणजे सदुसष्ट किलोला जरा कमी. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं आणि शंभर ग्रॅम जरी जास्त भरलं, तरी अंगात दोन-दोन स्वेटर घालून धावत सुटायचं. लग्नानंतर बायकोने संसाराला सुरुवात केली ती वजनकाट्यापासून. त्यांच्या घरात मिठाच्या बरणीपेक्षा तो काटाच जास्त हाताळला जाई. एकूण लढती एकोणपन्नास. जिंकल्या एकतीस, हरल्या सोळा, दोन बरोबरीत. पण त्याची ओळख राहिली ती एकाच लढतीने, तिसाव्या. त्या लढतीत तो विजेतेपदासाठी उतरला होता आणि सातव्या फेरीत, गुडघ्यावर बसलेला असताना, त्याची मोजणी दहापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. एक गुडघा टेकलेला, दोन्ही हात मांडीवर आणि चेहरा असा, की बसथांब्यावर बसची वाट बघतोय. रेफरी बाजूला उभा राहून बोटं दाखवतोय आणि याचं तिकडे लक्षच नाही. ज्याने तो फोटो पाहिला, त्याने एकच निष्कर्ष काढला. याने लढत विकली.

वस्तादांनीही तोच काढला. कपडे बदलायच्या खोलीत बॉक्सिंग मंडळाचे डॉक्टर त्याच्या भुवईला टाके घालत होते. वस्ताद दारात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "किती घेतलेस?"

आठ्याने डॉक्टरांच्या हातातल्या सुईकडे बघितलं.

"माझी पोरगी घेऊन गेलास म्हणून विचारतो असं समजू नकोस," वस्ताद म्हणाले. "तेरा वर्षं तुला मी मोजायला शिकवलं, म्हणून विचारतो. किती?"

तो गप्पच राहिला. वस्तादांनी हातातला ओला स्पंज बादलीत टाकला आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून चौतीस वर्षं ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मुलीला त्यांनी निरोप पाठवला, यायचं तर एकटी ये आणि राहायला ये. ती गेली नाही. तिचं माहेर चार गल्ल्या पलीकडे होतं आणि ते तुटलं.

लोकांनी आपापल्या परीने मजा करून घेतली. पाववाला पाव मोजून देताना सहा, सात करत यायचा आणि थांबून म्हणायचा, "आठ! उठा राव आता." न्हाव्याची तर कमाल. दाढी झाली की गळ्याभोवतीचं कापड झटकायचा आणि आरोळी ठोकायचा, "दहा झाले, आता तरी उठा!" दुकानातली चार डोकी हसायची. आठ्या उठायचा, पैसे द्यायचा आणि महिन्याने परत त्याच खुर्चीत येऊन बसायचा. दुसरा न्हावी का बघत नाही, असं बायकोने एकदा विचारलं. तो म्हणाला, "तो उजवीकडून बोलतो." तिला याचा अर्थ लागला नाही. तिने सोडून दिलं.

त्यानंतरही तो पाच वर्षं लढला. एकोणीस लढती, त्यातल्या पाचच जिंकला. आता त्याला बोलावत ते नव्या मुलांचं नाव मोठं करायला. पोस्टरवर त्याचं नाव लहान अक्षरांत, खाली. परगावच्या सभागृहात जायचं, सहा किंवा आठ फेऱ्या मार खायचा, हाताची पट्टी सोडून बॅगेत भरायची आणि मिळेल त्या गाडीने परत. या काळात त्याने एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळली. पडला की तो सातच्या आतच उठे. आठपर्यंत थांबण्याची हिंमत त्याच्यात उरली नव्हती.

परवाना संपल्यावर एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात त्याला काम मिळालं. चार प्रचंड पिंपं सतत फिरत असत, वाफेचा फुत्कार चालू असे, आणि आत शिरलं की कोणाला कोणाचं काही ऐकू येत नसे. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. दोन बोटं वर म्हणजे दुसरं पिंप उघड. मूठ फिरवली म्हणजे चादरी पिळायला टाक. तळहात गळ्यावर ओढला म्हणजे चहा. नवीन आलेले कामगार पहिल्या आठवड्यात वैतागत. आठ्याला तिथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. सत्तावीस वर्षं त्याने तिथे ओल्या चादरी उचलल्या आणि तो निवृत्त झाला.

घरी बसू लागला, तशी बायकोच्या लक्षात एक गोष्ट आली. टीव्हीचा आवाज इतका मोठा असे, की खालच्या मजल्यावरची बाई एकदा जिना चढून आली आणि म्हणाली, "काकू, बातम्या मलाही कळतात हो, पण मला माझ्या टीव्हीवर बघू द्या ना." बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेली. तो नको नको म्हणत होता. वय झालं की होतंच, धुलाईघराचा आवाज, दोन दिवसांत बरं वाटेल. तिने ऐकलं नाही.

काचेच्या एका लहानशा खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासनीस मुलगी काचेपलीकडे बसली होती. बायको तिच्या शेजारी. ती बघत होती, की आधी तो भराभर बटण दाबत होता. मग मुलीने काहीतरी बदललं आणि त्याचा अंगठा थांबला. मुलगी आवाज वाढवत गेली, वाढवत गेली. तो तसाच बसून राहिला, शांत चेहऱ्याने. बायकोला कुठेतरी हा चेहरा असाच पाहिल्यासारखं वाटलं, आणि मग कुठे ते आठवलं. वर्तमानपत्रात.

डॉक्टर तरुण होते आणि बोलके. त्यांनी कागद समोर धरला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. लाल गोल उतरत गेले होते, वयाप्रमाणे. निळ्या फुल्या सगळ्या तळाला पडल्या होत्या.

"उजव्याला यंत्र लावू, फरक पडेल," डॉक्टर म्हणाले. "डावा मात्र संपलेला आहे काका. आणि आजचा नाही हा. पडदा फाटून भरल्याची जुनी खूण आहे, आतलंही गेलंय. कधी मार लागला होता का?"

"ते बॉक्सर होते," बायको म्हणाली.

"अरे वा! मग मी जरा जपूनच बोलतो," डॉक्टर हसले. "कधीची गोष्ट? काही आठवतं?"

आठ्या कागदाकडे बघत होता. चौतीस वर्षांहून जास्त सांभाळलेली गोष्ट निळ्या शाईत टेबलावर पडली होती, आणि तिच्यावर हात ठेवून ती झाकण्यात आता अर्थ नव्हता.

"एकविसाव्या लढतीत," तो म्हणाला. "दुसरी फेरी."

डॉक्टरांना तो आकडा नुसता आकडा होता. त्यांनी लिहून घेतला. बायकोला मात्र सगळ्या लढती पाठ होत्या. तिने शाळेच्या वहीत त्या एकाखाली एक उतरवून ठेवल्या होत्या, गाव, वजन, फेऱ्या, निकाल. एकविसावी म्हणजे लग्नाच्या आधीची. तिसावी म्हणजे ती.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली आणि त्यालाही बसवलं. उजवीकडे बसायचं की डावीकडे, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ठरवून केलं.

"मी लग्न झाल्यापासून तुमच्या डाव्या अंगाला झोपते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही उजव्या कुशीवर. म्हणजे चांगला कान उशीत."

"झोप चांगली लागते तशी."

"मी बोलत असायची हो. रोज. किती काय काय बोललेय मी. वाटायचं, हा माणूसच असा, ऐकून घेतो पण उत्तर देत नाही."

"काय बोलायचीस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "आता काय सांगू?"

औषधांच्या खिडकीसमोर रांग सरकत होती. कोणाचं तरी मूल रडत होतं. मग तिने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला मोजणी ऐकूच आली नाही."

"त्या गोंगाटात कुठली यायला? एका कानाने सगळा एकच आवाज येतो. पाच हजार माणसं आणि रेफरी, सगळं एकच."

"पण रेफरी बोटं दाखवतो."

"डावीकडे उभा होता. डावा डोळा सुजून बंद."

"मला हे कळत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि दोघं-तिघं वळून बघू लागले होते. "कान गेल्यावर तुम्ही आणखी नऊ लढती केल्या. मधे तीनदा पडलात. तिन्हीदा आठला उठलात. वहीत लिहिलंय माझ्या. ते कसं?"

तो गप्प राहिला. हे गप्प राहणं तिच्या ओळखीचं होतं, पण आज ती त्याला सोडणार नव्हती. तिने त्याची बाही धरली.

"वस्तादांच्या तोंडाकडे बघून," तो शेवटी म्हणाला. "ते कोपऱ्यातून मोजायचे ना, मोठ्याने. तोंड उघडून. एकेक आकडा ओठांवर दिसायचा. मी पडलो की आधी आपला कोपरा शोधायचो."

"आणि त्या दिवशी?"

"यकृतावर बसला होता ठोसा. त्यात वेळेचं भान राहत नाही. सेकंद की मिनिट, काही समजत नाही."

"ते नाही विचारत मी. बाबा काय करत होते?"

त्याने बूट फरशीवर घासला. "स्पंज भिजवत होते. पाठ होती माझ्याकडे. आता वळतील, आता वळतील, म्हणून बघत बसलो. त्यांचं तरी काय चुकलं? आठ्या आहे, आठला उठणारच. बघायची गरजच काय? मी बादलीशी जाऊन स्पंज तयार ठेवतो, असंच वाटलं असणार त्यांना. खात्री होती म्हणून पाठ फिरवली. वळले तेव्हा ओठांवर आठ नव्हतं, नुसतं 'ऊठ' होतं. मी उठलो. रेफरी हात हलवत होता."

"मग हे तेव्हाच सांगायचं!"

"डॉक्टर टाके घालत होते. कानाचं कळलं असतं तर परवाना गेला असता. दरवर्षी कानाशी घड्याळ धरून तपासायचे. समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत त्यांचा हात दिसायचा, तो बघून मी बोट वर करायचो."

"आणि परवाना संपल्यावर?"

"तेव्हा सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की वस्ताद, माझं विजेतेपद तुमच्या पाठीने घालवलं?" त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवली. "चोर म्हणवून घेणं बरं. त्याची सवय होते."

ती रडली नाही. कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "रविवारी आपण बाबांकडे जायचं."

"नाही."

"कानाचं सांगू. पाठीचं नाही सांगायचं. बाबा चौऱ्याऐंशीचे झाले. ते गेल्यावर मी हा कागद कोणाला दाखवू?"

मनाच्या एका कोपऱ्यात त्यालाही जायचं होतं. मरायच्या आत त्या माणसाने आपल्याला एकदा हाक मारावी, एवढीच त्याची इच्छा उरली होती. ती त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही.

व्यायामशाळा होती तिथे आता स्नानगृहाच्या फरश्यांचं दुकान होतं. जिना तोच, बाजूने वर जाणारा. वर वस्ताद मुलाच्या कुटुंबासोबत राहत. रविवारी चारच्या सुमाराला वहिनीने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अगंबाई! वन्सं! आज वाट चुकलात की काय?" मग मागे उभा असलेला तो दिसला, तसा तिने आवाज खाली आणला. "यांनाही आणलंत? बाबा पायरीवरून ढकलतील हो. हल्ली उठवत नाही त्यांना, पण तेवढ्यासाठी उठतील."

"ढकलू दे," बायको म्हणाली. "दार तरी सोड."

आतल्या खोलीत लोखंडी खाट, खिडकीखाली औषधांचा डबा, भिंतीला टेकवलेली काठी. कोपऱ्यात एक पत्र्याची बादली होती, तिच्यात फरशी पुसायचं फडकं. आठ्याने ती ओळखली. खाटेजवळ एक बुटकं तीनपायी स्टूल होतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटाला तो शेकडो वेळा त्यावर बसला होता. वस्ताद उशीला टेकून बसले होते. खांदे खाली आले होते, पण मान ताठ होती. त्यांनी मुलीला बघितलं, त्याच्यावरून नजर नेली जशी भिंतीवरून नेतात तशी, आणि म्हणाले, "चार गल्ल्या चालून यायला चौतीस वर्षं लागली तुला. गुडघे दुखतात का?"

"दुखतात," ती म्हणाली. "तुमच्यावर गेलेत." आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. कागद उलटा-सुलटा केला. "हे काय? कोणाचे गुण आहेत? नापास दिसतोय."

तिने सांगितलं. लाल म्हणजे काय, निळं म्हणजे काय. एकविसावी लढत, दुसरी फेरी. ती एका दमात बोलली, चौतीस वर्षं घोकलेल्या धड्यासारखी, आणि संपल्यावर खोलीत फक्त खालच्या दुकानातला फरशी कापायचा आवाज राहिला.

वस्तादांनी कागद पांघरुणावर ठेवला. जे बोलले, ते त्याच्याकडे न बघता बोलले.

"म्हणजे नऊ वेळा एका कानाचा माणूस मी रिंगमध्ये सोडला. नऊ वेळा! मेला असता तर?" मग एकदम मान वळवून, थेट: "लाज वाटली नाही तुला? माझ्याशी खोटं बोललास?"

चौतीस वर्षांनी आलेले शब्द हे होते. आठ्याला ते गोड लागले.

"वाटली, वस्ताद."

"बस तिथे. उभा राहून माझी मान दुखवू नकोस."

तो स्टुलावर बसला. गुडघे छातीशी आले. वहिनीने चहा आणून ठेवला आणि ती दाराशीच रेंगाळली. वस्ताद खिडकीबाहेर बघत होते. मनात ते ती सातवी फेरी पुन्हा लावत होते, हे त्याला कळत होतं. ते तसं करताना खालचा ओठ दातांत धरत, तसा त्यांनी धरला होता.

"रेफरी डावीकडे होता," ते म्हणाले.

"हो."

"डोळा बंद होता तो."

"हो."

"मग तू बघत कुठे होतास?"

बायकोने कपातला चमचा फिरवायचा थांबवला. आठ्याने हा प्रश्न येणार हे धरलं होतं आणि उत्तर वाटेतच तयार केलं होतं.

"खाली. गुडघ्याकडे. मनात मोजत होतो. चुकलो मोजायला."

"कितीवर होतास?"

"सहावर."

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसल्यासारखा. "मूर्खा," ते म्हणाले. "तेरा वर्षं शिकवून तुला दहापर्यंत मोजता येईना. आणि मी जगाला सांगत बसलो, माझा जावई चोर आहे. अरे, चोराला निदान मोजता येतं!" दारातली वहिनी हसली. बायकोही हसली, डोळे पुसत. "घे, चहा घे. साखर कमी असेल, ही माझ्या मधुमेहाला घाबरून सगळ्यांनाच कमी घालते."

त्याने कप उचलला. चोराचा मूर्ख झालो, एवढं पुष्कळ झालं. एवढ्यावर निघावं, असं त्याच्या मनात आलं. बायको आणि वहिनी नातेवाइकांचं बोलू लागल्या होत्या, कोण कुठे असतं, कोणाचं काय झालं.

त्याने कप खाली ठेवला आणि वर बघितलं. वस्ताद त्याच्याकडेच बघत होते. हसू गेलं होतं. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. त्याने नेहमीच्या सवयीने ओठांकडे नजर नेली, समोरचा काय म्हणतोय ते बघायला.

तीन.

चार.

आधी त्याला समजलं नाही. पाचवर समजलं. सहावर त्याने नजर काढून घ्यायला हवी होती, चहाकडे, बादलीकडे, कुठेही. वस्ताद तोंड भरून आकडे म्हणत होते, रोज संध्याकाळी म्हणत तसे, फक्त आवाज बंद ठेवून. सात. बसून राहायचं असं त्याने ठरवलं होतं की नाही, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही.

आठ.

तो उठला होता. स्टूल मागे सरकून कलंडलं. बायका बोलायच्या थांबल्या.

"काय झालं हो?" बायको म्हणाली. "निघायचं का?"

वस्तादांच्या ओठांवर तो आकडा तसाच राहिला होता, तोंड थोडं उघडं. मग ते मिटलं. त्यांची नजर त्याच्यावरून सरकली आणि कोपऱ्यातल्या बादलीवर गेली, आणि तिथे थांबली.

"बाबा?"

"दमलो मी," ते म्हणाले. उशी सारखी करून ते आडवे झाले आणि भिंतीकडे कुशीवर वळले. पांघरुणाखाली कागद चुरगळल्याचा आवाज झाला.

जिन्यात बायकोने विचारलं, तेव्हा त्याने काय घडलं ते सांगितलं. ती एक पायरी खाली होती, तिथेच थांबली. मग कठड्याला धरून पुढे उतरली.

त्यानंतर वस्तादांनी मुलाला बसवून सांगितलं, की आठ्याने लढत विकली नव्हती, हे सगळ्यांना कळलं पाहिजे. वहिनीमार्फत ते गल्लीत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. न्हाव्याने कापड झटकताना आरोळी ठोकली नाही, नुसतं हळूच म्हणाला, "झालं काका." ती शांतता आठ्याला आरोळीपेक्षा अवघड गेली.

आता ते दर रविवारी जातात. बायको खाटेवर पायथ्याशी बसते. वस्ताद तिच्याशी बोलतात, औषधांचं, झोपेचं, जुन्या लोकांचं. तो दारातून आत आला, की त्यांचं बोलणं थांबतं आणि ते भिंतीकडे वळतात. चौतीस वर्षं त्यांनी रागापोटी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आता कशाने बघवत नाही, हे घरात तिघांना माहीत आहे आणि तिघंही ते बोलत नाहीत. एकदा बायकोने वडिलांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, त्यांच्या मनात काही नाही हो." त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं.

यंत्र आलं आहे, उजव्या कानाला. त्यातून खालच्या दुकानातली फरशी कापायची कर्कश किरकिर स्पष्ट ऐकू येते, वहिनीचे टोमणे ऐकू येतात, आणि म्हाताऱ्याचा श्वासही ऐकू येतो. वरखाली होणारी ती पाठ त्याच्यापासून हातभर अंतरावर असते. तो बुटक्या स्टुलावर बसतो, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि ती वळायची वाट बघतो. वहिनी चहा ठेवून जाते, परत येते आणि साय धरलेला कप उचलून नेते.